पित्तनलिकेचा कॅन्सर: ऑपरेशन कधी, कसं आणि पुढे काय

नमस्कार मंडळी, आज बोलूया पित्तनलिकेच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे लिव्हरमधलं पित्त आतड्यापर्यंत नेणारी जी नळी असते ना, तिचा कॅन्सर. हा बरेच दिवस पत्ताच लागू देत नाही आणि मग अचानक डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट, अंगाला नुसती खाज, पण पोटात बहुतेकदा फारसं दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून लोक साधी कावीळ समजून घरीच थांबतात. त्यात किती मोलाचा वेळ जातो, फार वाईट वाटतं हो.

कारण पूर्ण बरं व्हायची खरी आशा ऑपरेशनमध्येच आहे, आणि निदान होतं तेव्हा बऱ्याच जणांचं ऑपरेशन शक्यच नसतं. गाठ लिव्हरच्या आत असली तर लिव्हरचा तो भाग काढतात. खाली स्वादुपिंडाजवळ असली तर व्हिपलचं मोठं ऑपरेशन, म्हणजे नळीबरोबर स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही काढतात. सगळ्यात अवघड जागा म्हणजे उजवी-डावी नळी एकत्र येते तो सांधा, तिथल्या गाठीला क्लॅट्सकिन ट्यूमर म्हणतात, १९६५ साली डॉ. क्लॅट्सकिन यांनी त्यावर लिहिलं होतं म्हणून. तिथे नळीबरोबर साधारण अर्धं लिव्हर काढावं लागतं, मग उरलेलं पुरणार का? कमी पडेल असं वाटलं तर जी बाजू काढायची तिची पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) आधी बंद करतात, काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते, मग ऑपरेशन.

ऑपरेशन चालू असतानाच कापलेल्या नळीची कड पॅथॉलॉजिस्टकडे जाते, फ्रोझन सेक्शनला, म्हणजे तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. कडेवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर शक्य असेल तिथे सर्जन आणखी नळी कापतात. पुढचं आयुष्य सगळ्यात जास्त यावरच ठरतं, कड साफ मिळाली का आणि लिम्फ नोडमध्ये (आसपासच्या लसीका गाठींत) पसरलाय का. रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांत शिरलेला असला तरी फरक पडतोच. कड साफ मिळाली तरी पाच वर्षांनंतर साधारण २० ते ४० टक्केच पेशंट हयात असतात, म्हणून नंतर बहुतेकांना सहा महिने कॅपेसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या देतात.

आणि एक, कावीळ उतरवायला घाईने स्टेंट (पित्ताला वाट करून देणारी छोटी नळी) टाकण्याआधी चांगला सीटी किंवा एमआरआय करून घ्या, स्टेंटनंतर सूज येते आणि गाठ नेमकी कुठवर गेलीय ते नीट कळत नाही. ते स्कॅन घेऊन अशी ऑपरेशन्स नेहमी करणाऱ्या लिव्हर सर्जनला आधी दाखवा.