वल्ही, खापरं आणि मतं

इ.स.पू. ४८३च्या सुमाराची गोष्ट. अथेन्सजवळ लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. खणणारे होते गुलाम. वाटा मागणारे नागरिक. माणशी १० द्राख्मा (चांदीची नाणी) वाटून टाकायच्या, असं घाटत होतं. घरबसल्या आलेला पैसा कोणाला नको असतो?

अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस आडवा आला. वाटू नका, जहाजं बांधा, म्हणाला. इराणी आक्रमणाचा बागुलबुवा न दाखवता त्याने शेजारच्या एजिना बेटाशी चाललेलं भांडण पुढे केलं. लोकांच्या गळी उतरवायला ते सोपं होतं. जहाजं बांधली गेली.

तोवर लढाई म्हणजे पदरच्या पैशाने ढाल, भाला, शिरस्त्राण घेऊ शकणाऱ्याचं काम. राज्यकारभारात वजनही त्याचंच. पण एका ट्रायरीमला, म्हणजे वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाला, १७० वल्हेकरी लागत, एकावर एक अशा तीन रांगांत. इथे ना जमीन लागत होती, ना चिलखत. वल्हं, बसायची गादी आणि वल्हं अडकवायचा चामडी पट्टा, एवढंच सामान. इ.स.पू. ४८०मध्ये सॅलॅमिसच्या चिंचोळ्या समुद्रात याच माणसांनी इराणी आरमार मोडलं. सम्राट झर्कसीझ किनाऱ्यावरून बघत होता. आता या गरिबांना नागरिकांच्या सभेत गप्प कोण बसवणार? बायकांना आणि गुलामांना मात्र मत नव्हतं, ते नव्हतंच.

आता हे खापराचे तुकडे पाहा. दरवर्षी अथेन्सचे लोक ठरवत, यंदा कोणाला घालवायचं का? ठरलंच, तर नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरावर कोरायचं आणि त्याला दहा वर्षं हद्दपार करायचं. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत असे सुमारे १९० तुकडे सापडले. नाव एकच: थेमिस्टोक्लीस. पण अक्षर मोजक्याच हातांचं! कोणीतरी आधीच बसून गठ्ठाच्या गठ्ठा तयार ठेवला होता. थेमिस्टोक्लीस हद्दपार झाला, आणि शेवटी इराणच्याच राजाच्या आश्रयाला गेला.

इकडे अथेन्सने मित्रराज्यांकडून खंडणी वसूल करायला सुरुवात केली. इ.स.पू. ४३१मध्ये स्पार्टाशी युद्ध जुंपलं. लेस्बॉस बेटावरचं मिटिलिनी शहर अथेन्सपासून फुटलं, हरलं, आणि इ.स.पू. ४२७मध्ये संतापलेल्या सभेने ठराव केला: सगळे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंही. दुसऱ्या दिवशी लोकांना आपलंच मन खाऊ लागलं. पुन्हा सभा भरली. क्लीऑन नावाचा पुढारी कत्तलीवर अडून बसला. थोडक्या मतांनी हुकूम फिरला.

दुसरं जहाज सुटलं ते जवळजवळ एक दिवस-रात्र मागे. वल्हेकरी दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्ही मारता मारताच खात होते, आळीपाळीने झोपत होते. पहिल्या जहाजावरच्यांना या कामाची घाई नव्हती, तेही पथ्यावर पडलं. मिटिलिनीतल्या अथेन्सच्या सेनापती पाखीसने पहिला हुकूम वाचला आणि तेवढ्यात दुसरं जहाज पोहोचलं. शहर वाचलं. बंडाचे म्होरके मात्र मारले गेले, आणि जमिनी अथेन्सच्या नागरिकांना वाटल्या गेल्या.

इ.स.पू. ४०४मध्ये अथेन्स शरण आलं. स्पार्टाने तट पाडले, आरमारातली १२ जहाजं तेवढी ठेवू दिली आणि ३० धनिकांच्या हाती सत्ता दिली. वर्षभरात ती राजवट कोलमडली. लोकशाहीवादी सेनानी थ्रॅसिब्युलसच्या लोकांनी तिच्याविरुद्ध मोर्चा बांधला तो पायरियसमध्ये, अथेन्सच्या बंदरात.