सव्वीसने भागलेलं वर्ष

(ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, वाचायला सोपं जावं म्हणून थोडंफार नीट केलेलं)

नमस्कार मंडळी. मुलांचे नाच झाले, फराळ अजून व्हायचाय, आणि मधल्या वेळात मी सरकारी पत्रांवर बोलणार आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. पण हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. मी काही वकील नाही, इथे आल्यापासून पेरोलमध्ये काम केलं, म्हणजे लोकांचा पगार दर पंधरा दिवसांनी बरोबर जातोय ना हे बघायचं एवढंच माझं काम.

काही वर्षांपूर्वी मला एका खात्याचं पत्र आलं. तुम्हाला चारशे बारा डॉलर जास्त दिले गेलेत, अमुक तारखेच्या आत परत करा. तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली होती. मी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि पैसे भरून टाकले, तर ती समोर मेथी निवडत बसली होती, तिने विचारलं, "कशाचे रे?" आणि मला सांगता येईना. पत्रात रक्कम होती, तारीख होती, बारकोड होता, पण हिशोब कुठेच नव्हता. मी रोज दुसऱ्यांच्या पगाराचा पै-पैचा हिशोब लावतो आणि स्वतःचे पैसे न विचारता दिले. आईचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि नंतर जेव्हा रोबोडेटच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा तर अजिबातच नाही.

रोबोडेट हा शब्द तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यात नेमकं झालं काय हे मी आजूबाजूला विचारतो तेव्हा बरेच जण "ते सेंटरलिंकचं काहीतरी" म्हणून सोडून देतात, सेंटरलिंक म्हणजे इथलं सरकारी भत्ते देणारं ऑफिस. तर ऐका. इथे बेरोजगार भत्ता किंवा विद्यार्थी भत्ता किती मिळणार हे त्या-त्या पंधरवड्यात तुम्ही किती कमावलं यावर ठरतं, कायदाच तसा आहे. २०१५ मध्ये सरकारने एक योजना आणली, २०१६ च्या उत्तरार्धापासून ती जोरात चालू झाली. टॅक्स ऑफिसकडे असलेली तुमची वर्षाची कमाई घ्यायची, तिला सव्वीसने भागायचं, कारण वर्षात सव्वीस पंधरवडे, आणि येईल तो आकडा म्हणजे तुमची दर पंधरवड्याची कमाई असं धरायचं.

आता समजा आपल्यातलीच एक मुलगी आहे. जुलै ते डिसेंबर तिने पूर्णवेळ नोकरी केली, तेरा पंधरवडे, प्रत्येकी २,००० डॉलर, म्हणजे २६,०००. डिसेंबरमध्ये नोकरी गेली, मग जून संपेपर्यंत ती भत्त्यावर होती आणि दर पंधरवड्याला प्रामाणिकपणे शून्य कमाई लिहीत होती. २६,००० भागिले २६, दर पंधरवड्याला १,०००. कॉम्प्युटर म्हणाला की तू भत्ता घेत होतीस तेव्हा हजार-हजार डॉलर कमावत होतीस आणि आम्हाला शून्य सांगत होतीस, आता घेतलेले पैसे परत कर. पेरोलमधल्या माणसाला हे बघून पोटात कालवतं हो. कारण कॅज्युअल काम करणाऱ्याचा पगार कधीच सपाट नसतो, एका पंधरवड्यात साठ तास असतात आणि पुढच्यात चार, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही कळतं.

आधी असा फरक दिसला की माणूस बसून तपासायचा, कंपनीला विचारायचा, आणि कर्ज आहे हे सिद्ध करायचं काम सरकारचं असायचं. नव्या पद्धतीत ते ओझं पत्र मिळणाऱ्यावर टाकलं. पाच-पाच वर्षांपूर्वीच्या पेस्लिपा आणा, नाहीतर आमचा आकडा खरा. वर दहा टक्के वसुली फी लावली. आधी वर्षाला वीसेक हजार केसेस बघितल्या जायच्या, त्या २०१६ च्या अखेरीला आठवड्याला वीस हजार पत्रं जायला लागली. काहींच्या मागे खासगी वसुली एजंट लावले, काहींचा टॅक्स रिफंड परस्पर कापून घेतला. आणि हे सगळं ज्यांच्याकडे जेमतेम भाड्याचे पैसे आहेत अशा लोकांशी. काही तरुण मुलांनी जीव दिला, त्यांच्या आया नंतर रॉयल कमिशनसमोर, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर, येऊन बोलल्या. ते व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? चूक झाली याचा नाही. २०१४ मध्येच, योजना कागदावर असताना, सोशल सर्व्हिसेस खात्यातल्या सरकारी वकिलांनी लिहून दिलं होतं की अशी सरासरी काढणं कायद्यात बसत नाही. तो सल्ला बाजूला राहिला, आणि कॅबिनेटपुढे कागद गेला तेव्हा त्यात तो नव्हता. मार्च २०१७ मध्ये ट्रिब्युनलचे, म्हणजे सरकारी निर्णयांविरुद्ध दाद मागायची जी जागा असते तिथले, जुने सदस्य टेरी कार्नी यांनी निकाल दिला की सरासरी काढून कर्ज सिद्ध होत नाही. सरकारने त्यावर अपीलही केलं नाही, निकाल पाळलाही नाही. तेव्हा त्या पातळीवरचे निकाल छापलेच जात नसत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला पत्र आलं तर त्याला कळायला मार्गच नव्हता की आपल्यासारखी केस कुणीतरी जिंकलीय. त्याच वर्षी कार्नींची मुदत संपली आणि त्यांना परत नेमलं नाही, जवळपास चाळीस वर्षं ते हे काम करत होते. वसुली करणाऱ्या खात्यातल्याच कोलीन टेलर नावाच्या कर्मचारी बाई वरिष्ठांना ईमेलवर सांगत होत्या की हे चुकतंय, त्यांचंही कुणी ऐकलं नाही.

मग हे थांबलं कसं, तर लोकांना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या व्हिक्टोरिया लीगल एडने केस घातली म्हणून. त्यातही गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की पहिली केस उभी राहायच्या आधीच सरकारने ज्या बाईंच्या वतीने ती होती त्यांचं कर्ज शून्य करून टाकलं, म्हणजे कोर्टाने बघायला काही उरलंच नाही. लीगल एडवाल्यांनी हार न मानता दुसरी केस आणली आणि २७ नोव्हेंबर २०१९ ला फेडरल कोर्टात सरकारने स्वतःच मान्य केलं की या दुसऱ्या केसमधल्या मुलीचं कर्ज कायदेशीर नव्हतं. मागोमाग क्लास अॅक्शन, म्हणजे सगळ्या पीडितांच्या वतीने एकत्र केस झाली. जून २०२१ मध्ये जज मर्फींनी तडजोड मंजूर करताना जे आकडे मांडले ते असे: सुमारे ४,३३,००० लोकांवर १.७६ अब्ज डॉलरचं बेकायदा कर्ज दाखवलं, आणि त्यातले ७५ कोटी डॉलर प्रत्यक्ष वसूलही केले.

२०२२ मध्ये रॉयल कमिशन बसलं, क्वीन्सलँडच्या माजी चीफ जस्टिस कॅथरिन होम्स. ७ जुलै २०२३ चा त्यांचा रिपोर्ट मी बराचसा वाचला, ट्रेनमध्ये येता-जाता वाचला, जवळपास हजार पानं आहेत. त्यात त्या म्हणतात की ही योजना ओबडधोबड आणि क्रूर होती, न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती. ५७ शिफारशी केल्या. योजना आणली तेव्हा स्कॉट मॉरिसन सोशल सर्व्हिसेस खात्याचे मंत्री होते, त्यांनी कॅबिनेटची दिशाभूल होऊ दिली असं रिपोर्ट म्हणतो, त्यांनी ते नाकारलंय. (हेच मॉरिसन पंतप्रधान असताना पाच जास्तीची मंत्रिपदं गुपचूप स्वतःकडे घेऊन बसले होते, त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्यांच्यावर ठपका ठेवला. मतदाराला आपला मंत्री कोण हेच माहीत नसेल तर जाब कुणाला विचारायचा?)

रिपोर्टनंतर जबाबदारीचं काय झालं हे मात्र फार संथ चाललंय. रॉयल कमिशनने सहा जणांची नावं नव्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे पाठवली होती, हा आयोग १ जुलै २०२३ ला सुरू झाला. जून २०२४ मध्ये आयोगाने सांगितलं की आम्ही चौकशी करणार नाही. लोक भडकले, तक्रारींचा ढीग लागला, शेकडो तक्रारी, आणि आयोगावर नजर ठेवणाऱ्या इन्स्पेक्टर गेल फर्नेस यांनी तपास करून सांगितलं की आयोगाच्या प्रमुखांची एका संबंधित व्यक्तीशी जुनी ओळख होती, त्यांनी या निर्णयापासून पुरेसं लांब राहायला हवं होतं. मग हायकोर्टाचे माजी जज जेफ्री नेटल यांनी नव्याने बघितलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चौकशी करायचं जाहीर झालं. हे मला फार मोठं वाटतं. राखणदारावर राखणदार आहे, आणि त्याला जागं केलं साध्या लोकांच्या तक्रारींनी. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी नोकरांवर देखरेख करणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनने १२ आजी-माजी अधिकाऱ्यांनी मिळून ९७ वेळा आचारसंहिता मोडल्याचं जाहीर केलं, दोन माजी सचिवांची नावं घेऊन. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने आणखी ४७.५ कोटी डॉलर भरपाई द्यायचं मान्य केलं, कारण रॉयल कमिशनमुळे जे कागद बाहेर आले त्यांच्या जोरावर वकिलांनी जुनी तडजोड परत उघडायला लावली. कागद बाहेर आले म्हणून. आपल्याकडे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी लोक उपोषणाला बसले, २००२ मध्ये राज्याचा कायदा आला, २००५ मध्ये देशाचा, त्यामुळे कागदाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. इथे तो हक्क १९८२ पासून आहे आणि आपल्यापैकी किती जणांनी वापरलाय?

आता तुम्ही म्हणाल आम्ही कुठे भत्ता घेतो, आमचा काय संबंध. २०२१ चा मे महिना आठवा. इथल्या प्रत्येक घरात रात्रभर फोन वाजत होते, पुण्यात बेड नाही, नाशिकला ऑक्सिजन नाही. त्यात ३० एप्रिलला आरोग्यमंत्र्यांनी बायोसिक्युरिटी अॅक्टखाली आदेश काढला की गेल्या १४ दिवसांत जो भारतात होता त्याने ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवायचं नाही, नागरिक असला तरी. मोडला तर पाच वर्षं तुरुंग किंवा ६६,६०० डॉलर दंड किंवा दोन्ही. आपलाच पासपोर्ट आणि आपल्यालाच दार बंद. बंगलोरला अडकलेल्या ७३ वर्षांच्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांच्या वतीने केस झाली, पण १० मेला फेडरल कोर्टाने त्यांचे कायद्याच्या अर्थाबद्दलचे मुद्दे फेटाळले. कारण त्या अॅक्टच्या कलम ४७७ मध्ये मंत्र्याला तेवढा मोठा अधिकार लिहूनच दिला होता, आणि असा आदेश संसदेला रद्दही करता येत नव्हता. १५ मेला मुदत संपून बंदी उठली, मग पुढचे मुद्दे तसेच राहिले.

या दोन केसेस शेजारी ठेवून बघा. रोबोडेटच्या पाठीशी कायदा नव्हता म्हणून कोर्टात टिकलं नाही. भारतबंदीच्या पाठीशी कायदा होता म्हणून टिकली, आणि तो कायदा २०१५ मध्ये पास होत होता तेव्हा आपल्यापैकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. म्हणजे "कशाचे?" हा प्रश्न पत्र आल्यावर तर विचारायचाच, पण बिल संसदेत असताना आपल्या एमपीलाही विचारायचा, तेव्हा तो जास्त स्वस्त पडतो.

आयटीतल्या मंडळींशी मला वेगळं बोलायचंय, आणि इथे तुम्ही खूप जण आहात. वर्षाला सव्वीसने भागा ही एक ओळ कुणीतरी लिहिली, कुणीतरी टेस्ट केली, कुणीतरी साइन-ऑफ दिला. त्यांना ते पाच मिनिटांचं काम वाटलं असेल. रॉयल कमिशनने शिफारस केलीय की जिथे मशीन निर्णय घेतं तिथे त्यासाठी नीट कायदा हवा आणि नियम साध्या भाषेत लोकांना दिसायला हवेत. तुमच्या हातात सरकारी प्रोजेक्ट आला आणि रिक्वायरमेंटमध्ये असं काही दिसलं की कृपा करून मीटिंगमध्ये विचारा, हे कुठल्या सेक्शनखाली? प्रश्न आणि उत्तर ईमेलवर ठेवा. कोलीन टेलर यांचे ईमेल त्या वेळी कुणी ऐकले नाहीत पण कमिशनने ते वाचले.

शेवटी कामाचं. जुनं ट्रिब्युनल सरकारने बंद केलं, तिथल्या नेमणुका फार राजकीय झाल्या होत्या, आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल नावाचं नवं चालू झालंय. सेंटरलिंकच्या निर्णयाविरुद्ध आधी खात्यातच रिव्ह्यू मागायचा, तिथे नाही जमलं तर ट्रिब्युनलला जायचं, या प्रकारच्या केसला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मराठी दुभाषा हवा असेल तर मागा. व्हिसाच्या केसला मात्र फी आहे आणि मुदतीही खूप कडक आहेत, एक दिवस उशीर झाला तरी दार बंद होऊ शकतं, त्यामुळे तिथे पत्र आलं त्या दिवशीच हालचाल करा. कॉमनवेल्थ ओम्बड्समन, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी, त्याच्याकडे तक्रार फुकट करता येते. कम्युनिटी लीगल सेंटर्स आहेत, ती पण फुकट आहेत.

आणि कुणी घाबरून गप्प बसू नका, विशेषतः स्टुडंट मुलं आणि मुलांकडे आलेले आईवडील. पत्राला उत्तर दिलं, हिशोब मागितला म्हणून व्हिसावर डाग पडत नाही. लाजण्यासारखंही त्यात काही नाही, पत्र चुकीचं असू शकतं हे आता रॉयल कमिशननेच लिहून ठेवलंय.

कमिटीशी बोलून ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या रविवारी, मराठी शाळा चालू असते त्या दोन तासांत, मागच्या छोट्या खोलीत मी बसणार आहे. कायद्याचा सल्ला मी देऊ शकत नाही, पण पत्र एकत्र वाचू, पेस्लिपा लावून हिशोब करू, आणि पुढे कुणाकडे जायचं ते बघू. पेस्लिपा टाकून देत जाऊ नका, फोनवर फोटो काढून ठेवा. आणि येताना पत्राबरोबर पाकीटही आणा, पत्रावरची तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्याची तारीख कधी कधी वेगळी निघते.