दुसऱ्या डोळ्याचे पैसे

(परदेशातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात आरोग्य निधीबद्दल केलेलं भाषण, थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. जेवणाची रांग लागायच्या आत उरकायचं, असं अध्यक्षांनी बजावलंय, तेव्हा थेट निधीवरच येते.

यंदा निधीतून काय करायचं यावर समितीत बरीच खडाजंगी झाली. कुणी डायलिसिसचं मशीन सुचवलं, कुणी रुग्णवाहिका. मशीनला पाटी लागते, पाटीवर मंडळाचं नाव येतं, फोटोही छान निघतो. माझा हट्ट मात्र मोतीबिंदूचा होता आणि तो मी सोडलेला नाही.

भारतात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, जवळजवळ दोन तृतीयांश. एरवी ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत होतं. डोळ्यात बसवायची लेन्स महाग म्हणावी, तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब हा लेन्सचा कारखाना काढून तिची किंमत कितीतरी पटींनी खाली आणली. सरकारी रुग्णालयात, शिबिरात पैसेही पडत नाहीत. मग घोडं अडतं कुठे?

माझ्या आत्याचंच घ्या. माण तालुक्यातलं गाव, वय पंचाहत्तरीच्या पुढे, घरात एकटी. शिबिराची गाडी गावात येऊन गेली, हिने नावच दिलं नाही. सोबत कोण येणार? मुलगा पुण्यात रोजंदारीवर, खाडा केला की पैसे गेले. ऑपरेशननंतर महिनाभर ड्रॉप्स, तेही सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून चूल फुंकायची नाही. हे सगळं बघणार कोण? त्यात शेजारणीचा सल्ला, "अजून पिकू दे की!" पिकायची वाट बघायचे दिवस कधीच गेले. उलट जास्त पिकला की आतलं भिंग कडक होतं आणि डॉक्टरांचं काम वाढतं. पण हे तिला समजावून सांगणारं जवळ कुणी नव्हतं, आणि आम्ही इथून फोनवर "काळजी घे" म्हणत होतो.

शेवटी भावकीने आणि गावातल्या बचत गटाच्या बायकांनी वर्गणी काढली. ऑपरेशन फुकटच होतं. पैसे लागले ते गाडीभाड्याला, सोबत गेलेल्या बाईच्या बुडालेल्या मजुरीला, ड्रॉप्सना आणि महिन्यानंतरच्या चष्म्याला. एका डोळ्यावर आत्या घरापुरती सुधारली. तांदळातले खडे दिसायला लागले, वीसची आणि दोनशेची पिवळी नोट वेगळी कळायला लागली. पण पायरीचा अंदाज चुकायचाच. ओट्यावरून उतरताना हात कुणाचा तरी लागायचाच. आणि घरात सगळे म्हणत होते, एक झाला ना, आता या वयात दुसरा कशाला?

दुसरा झाला, आणि ती म्हसवडच्या बाजाराला एकटी जायला लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, पण बोर्डच वाचता येत नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय? आता बोर्ड वाचते आणि कंडक्टरशी भांडतेसुद्धा. पेन्शन कोण काढून आणतं, किती हातात ठेवतं, हे सगळं आधी दुसऱ्याच्या भरवशावर होतं. आता पासबुक स्वतः बघते. घरातल्या एक-दोघांना ते फारसं रुचलेलं नाही, पण असो.

हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. अरविंदवाल्यांनाही हेच दिसलं होतं: नुसतं फुकट म्हणून लोक येत नाहीत. तेव्हा त्यांनी बसने नेणं, जेवण, परत पोचवणं हे सगळंच अंगावर घेतलं. म्हणून माझा प्रस्ताव असा, की निधीतला मोठा वाटा आपण गाडी, सोबत, ड्रॉप्स, चष्मा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी ठेवावा. याला पाटी लागत नाही, हे मान्य.

आता पैसे तिकडे पोचवण्याची भानगड, कारण इथे उत्साहात चुका होतात. मंडळाच्या खात्यातून गेलेला पैसा ही परदेशी देणगीच. भारताच्या 2010 च्या परदेशी देणगी कायद्याप्रमाणे (एफसीआरए) ती सरकारकडे त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि 2020 च्या दुरुस्तीपासून आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. एका संस्थेने घेऊन दुसरीकडे वळवणंही आता चालत नाही. तेव्हा "आमच्या गावच्या ट्रस्टला टाका, ते देतील पुढे" हे कृपा करून सुचवू नका. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट दिलेले पैसे परदेशी धरले जात नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना, मात्र ही सूट नाही, मन कितीही कोल्हापूरचं असलं तरी.

फॉर्म चहाच्या टेबलाशी ठेवलेत. रक्कम तुमच्या मर्जीने लिहा, फक्त पासपोर्ट कुठला हा रकाना कोरा सोडू नका. खजिनदार माझ्या डोक्यावर बसतील.