पोर मान धरत नसेल तर

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ आठ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, पाय नुसते पसरून पडलेले. डोळे मात्र टकामका बघतात, कुणी आलं की खुदकन हसतं. आपल्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, "उशिरा चालंल, याचा बापबी उशिराच चालला." मग तेलमालीश, मग अंगारा, मग कुणीतरी सांगितलेला वैदू. यात महिने जातात, आणि एसएमए असेल तर हेच महिने सगळ्यात मोलाचे असतात.

एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. स्नायूंना हलायला सांगणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. त्यांना जगवणारं प्रथिन ज्या जनुकामुळं तयार होतं, ते एसएमएन-१ नावाचं जनुक या मुलांत बिघडलेलं किंवा गायब असतं. पेशी मरत जातात, आणि मेलेली पेशी परत येत नाही. बुद्धी शाबूत राहते.

बहुतेक वेळा हा दोष आई आणि बाप, दोघांकडून येतो. दोघंही धडधाकट, फक्त वाहक. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक धोका. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आपल्याकडं आहे, तिथं तो जुळून यायची शक्यता वाढते. तरी बोल लागतो सुनेलाच. याचा मला फार संताप येतो. जालन्याकडच्या एका सुनेला असंच माहेरी धाडलं होतं. जनुकीय तपासणीचा अहवाल आला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं ओसरीवर सगळ्यांना बसवून तो वाचून दाखवला आणि म्हणाला, "दोष माझ्याकडूनबी आलाय." दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन आला. औषधासाठीची खरी धावपळ त्या दोघांनी त्यानंतर केली.

त्यांच्या मुलीला रिस्डिप्लॅम हे तोंडावाटे द्यायचं औषध चालू आहे. ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि एकदा तयार केलेली बाटली ६४ दिवसांच्या आत संपवायची. आई सिरिंज उजेडाकडं धरते, टिचकी मारून बुडबुडा वर आणते, रेघ जुळली की मगच मुलीच्या गालाशी सोडते. लाईट जास्त वेळ गेली की बाप बाटली बर्फाच्या डब्यात घालून इन्व्हर्टर असलेल्या दुकानात नेतो.

आता पैशाचं बोलू. मूळ कंपनीची एक बाटली सहा लाखांच्या घरात होती. मुलाचं वजन वीस किलो झालं की ती बारा दिवसांत संपते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मदतीची मर्यादा २०२२ पासून पन्नास लाख आहे. हिशेब करा, या भावात ते पैसे साडेतीन महिनेसुद्धा पुरत नाहीत, आणि औषध तर जन्मभराचं. देशभरातले पालक संघटित झाले, सरकारदरबारी गेले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. पेटंटचा, म्हणजे हे औषध फक्त मूळ कंपनीनंच बनवायच्या हक्काचा, वाद न्यायालयात लढला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीची याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना आली. वर्षाला तीस बाटल्या धरल्या तरी पावणेपाच लाखांच्या वर जातात. सोयाबीनवर घर चालवणाऱ्याला हा आकडाही झेपणारा नाही. म्हणून सरकारी मदत आजही लागतेच, आणि ती मागायला संकोच करू नका. तो तुमच्या लेकराचा हक्क आहे.

या धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे उपचाराचं केंद्र आहे. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचं निम्स रुग्णालय जवळ पडतं. मदत रुग्णालयामार्फत मिळते, म्हणून आधी तिथं नोंद हवी आणि नोंदीसाठी निदानाचा कागद हवा.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. पाय लुळे आहेत, श्वास घेताना पोट जास्त हलतं, हे स्वतःहून सांगा आणि एसएमएची रक्ततपासणी करायची का, हे स्पष्ट विचारा. घरात असं मूल असेल, तर पुन्हा दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून होऊ शकते. पण त्यासाठी पहिल्या मुलाचा जनुकीय अहवाल लागतो, तो जपून ठेवा.

नमस्कार.