फ्लॉरेन्सचा चौक असा वाकडा का?

नमस्कार मंडळी. आधी हा नकाशा बघा. इटलीतलं फ्लॉरेन्स, पिआत्झा देल्ला सिन्योरिया. म्हणायचं चौक, पण धड चौकोनी नाहीच. आणि ही किल्ल्यासारखी इमारत, पालात्झो वेक्किओ, म्हणजे तेव्हाचं सरकार. एवढी मोकळी जागा सोडून ती एका कोपऱ्यात दडपलीय. बरं, मनोराही मधोमध नाही, कारण तो आधीच्या एका जुन्या मनोऱ्यावर चढवलाय.

भानगड काय, तर तेराव्या शतकात गावात दोन तट होते, ग्वेल्फ आणि गिबेलिन. ग्वेल्फ जिंकले आणि त्यांनी गिबेलिनांच्या उबेर्ती घराण्याचे वाडे जमीनदोस्त केले. गाढवाचा नांगर फिरवण्यातलाच प्रकार! 1299 मध्ये इमारतीचं काम निघालं, तेव्हा त्या जागेवर पाया घालायचा नाही असं ठरलं, म्हणून ती तिरकी बसली. हे जोव्हान्नी व्हिल्लानी या तिथल्याच बखरकाराने लिहून ठेवलंय. म्हणजे आज पर्यटक जिथे आइस्क्रीम खात फिरतात, तिथे कुणाची तरी माजघरं होती.

आत कारभारी नऊ. पिशवीतून चिठ्ठ्या काढून निवडलेले, मुदत फक्त दोन महिने, आणि तेवढे दिवस मुक्कामही आतच.

आता वर बघा, 94 मीटर. तिथल्या मोठ्या घंटेचं नाव ‘वाक्का’, म्हणजे गाय. गाय हंबरली की गावाने चौकात जमायचं. ही ‘पार्लामेंतो’, आपल्या भाषेत गावसभा. ऐकायला झकास! पण चौकाच्या तोंडांवर हत्यारबंद माणसं उभी असताना नाही कोण म्हणणार? 1433 मध्ये कोझिमो मेदिची या गावातल्या बड्या सावकाराला याच मनोऱ्यात कोंडलं, अशीच सभा भरवली आणि मग त्याला हद्दपार केलं. 1434 मध्ये पुन्हा गाय हंबरली, पुन्हा लोक जमले, आणि तोच कोझिमो सन्मानाने परत! मला तर यात लोकशाहीपेक्षा दमबाजीच जास्त दिसते.

साव्होनारोला या धर्मोपदेशकाने ही सभाच बंद करा म्हणून रान उठवलं, आणि 1495 मध्ये ती बंदही झाली. 23 मे 1498 रोजी त्यालाच या चौकात फासावर चढवून जाळलं. कारंज्यासमोर फरशीत ही गोल शिळा दिसतेय ना? तीच ती जागा. दरवर्षी त्या तारखेला तिथे फुलं वाहतात.