तोच उंदीर, पुन्हा पुन्हा

नमस्कार श्रोतेहो. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक, म्हणजे कर्करोगावरचं संशोधन केंद्र आहे, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. कर्करोगाचं नवं औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी बहुतेक वेळा उंदरांवर तपासलं जातं, हेही आपण ऐकून असतो. पण उंदराच्या पोटातली गाठ वाढतेय की आटतेय, हे कळतं कसं?

जुनी रीत म्हणजे दर आठवड्याला काही उंदीर मारून गाठ काढून बघायची. ज्याची गाठ पाहिली तो संपला; पुढच्या आठवड्याचा उंदीर दुसराच. लहान प्राण्यांच्या एमआरआयनं मात्र तोच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता येतो. त्याच्या आजच्या गाठीची तुलना त्याच्याच मागच्या गाठीशी. उंदीर कमी लागतात आणि निष्कर्षही जास्त भरवशाचा निघतो. माझ्या लेखी या यंत्राचं मोल इथेच आहे.

मग इस्पितळातलंच यंत्र का नको? एमआरआयचं चित्र चुंबकाच्या जोरावर निघतं आणि त्याची ताकद टेस्लात मोजतात. तिथलं चुंबक साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचं. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. मिलिमीटरऐवजी त्याच्या दहाव्या भागाइतकं बारीक बघायचं, तर प्रत्येक ठिपक्याचं आकारमान हजारपट घटतं, आणि त्यातून मिळणारा संकेतही. म्हणून चुंबक ७ किंवा ९.४ टेस्लाचं, आणि संकेत टिपणारी कॉइल अंगाला अगदी लागून.

खरी कसोटी पुढेच असते. उंदराला आयसोफ्लुरेन वायूनं गुंगी देतात. गुंगीत एवढासा जीव बघता बघता गार पडतो, म्हणून अंगाखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरवत ठेवतात. पोटाखाली हवेची चिमुकली उशी असते. प्रत्येक श्वासागणिक ती दबते आणि बाहेरच्या पडद्यावर रेघ उठते. दोन श्वासांमधल्या स्थिर क्षणी संकेत टिपला, की चित्र हलत नाही. श्वास मंदावला, की गुंगी लगेच हलकी करायची. अंग गार पडू दिलं तर हृदयाची गती आणि रक्तप्रवाह बदलतो. चित्र सुबक येतं, पण ते औषधाचा परिणाम दाखवतं की थंडीचा, हे सांगता येत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांना म्हणूनच सांगतो, अशा संशोधनाचा निबंध हाती आला, की चुंबक किती टेस्लाचं होतं एवढंच पाहू नका. स्कॅन चालू असताना उंदराचं तापमान आणि श्वासाचा वेग किती होता, ते लिहिलंय का, हे आधी शोधा.