केसमधली केसाएवढी फट

(दृश्य: पत्र्यावर पाऊस. शेडमधल्या टेबलावर उघडलेलं इंजिन.)

मालवणात जून लागला की वॉटर स्पोर्ट्स बंद. जेट स्की किनाऱ्यावरून शेडमध्ये येतात आणि सीझनभर ‘बघू नंतर’ म्हणून ढकललेली कामं टेबलावर येतात. आजचं काम म्हणजे यामाहाचं ७०१ सीसीचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर खाली उतरत नाही. मिस्त्रीने कानानेच निदान केलं: ‘एअर घेतंय.’

कुठून घेतंय, हा खरा प्रश्न. टू-स्ट्रोकची क्रँककेस ही नुसती क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) ठेवायची पेटी नसते, तो एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबून सिलिंडरमध्ये चढवलं जातं. केसच्या जोडात फट पडली किंवा क्रँकच्या टोकाचं ऑइल सील, म्हणजे फट बंद ठेवणारं रबरी कडं, कडक झालं, की बाहेरची हवा फुकट आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. इथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळे तेही कमी पडतं. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मग खर्च सीलचा राहत नाही.

(दृश्य: वरची केस उचलली जाते.)

आरएक्स १०० बाईकचं इंजिन उघडलेल्यांना इथे थोडं चुकल्यासारखं होईल. तिची केस डावी-उजवी सुटते, हिची वर-खाली, क्रँकच्या बरोबर मध्यातून. दोन अर्ध्यांमध्ये कागदी पॅकिंग नाही. धातूवर धातू, आणि मध्ये सीलंटचा पातळ थर.

जुना सीलंट काढण्यातच अर्धा दिवस जातो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचा मोह आवरावा लागतो, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे हवेसाठी तयार वाट. थिनर, प्लास्टिकची पट्टी आणि सबुरी. शेवटी मिस्त्री डोळे मिटून कडेवरून नख फिरवतो. नख अडकलं की परत थिनर.

बेअरिंग फिरवताना मात्र डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. खारं पाणी आत जाऊन थोडं जरी राहिलं तरी गंज धरतो, आणि गंजलेलं बेअरिंग हातात खरखरतं. हे गुळगुळीत फिरतंय. नशीब.

नव्या सीलच्या ओठांना ग्रीस लावून क्रँक खालच्या केसमध्ये ठेवली जाते. प्रत्येक बेअरिंगची पिन आपल्या खाचेत बसायला हवी, सीलची बाहेरची कड आपल्या खोबणीत. मधल्या सीलकडे घाईत दुर्लक्ष होतं, पण दोन्ही पिस्टन उलट चालतात. एक ओढत असतो तेव्हा दुसरा दाबत असतो, म्हणून दोन कप्पे वेगळेच राहायला हवेत. वरची केस हाताने बसत नसेल, तर पिन चुकली आहे. बोल्टने ओढून बसवायला गेलात तर केस तडकते.

सीलंट बोटाने, जेमतेम रंग दिसेल एवढाच. जास्त लावला की दोन्हीकडे दबून येतो. बाहेर आलेला पुसता येतो, आत आलेला सुटून बेअरिंगपर्यंत जातो.

बोल्ट मधून कडेकडे, आधी अर्ध्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), मग पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवून बघायची. जड झाली की थांबायचं.

(दृश्य: सिलिंडर चढलेले. इनटेक आणि एक्झॉस्ट बुचांनी बंद. हातपंप, गेज.)

दुसऱ्या दिवशी परीक्षा. सात पीएसआय दाबाने हवा भरून वरून साबणाचं पाणी, गळती असेल तिथे बुडबुडा येतो. जोडावर बुडबुडा नाही, दोन्ही सीलवर नाही. तरी काटा हळूहळू उतरतोय. मिस्त्री ब्रश एक्झॉस्टच्या रबरी बुचाकडे नेतो, आणि तिथे एक मोठा, सुबक बुडबुडा फुगतो.

तो क्लॅम्प आवळतो आणि पुन्हा पंप हातात घेतो.